बाण कुणी मारला?

मामा महापालिकेतून कारकून म्हणून निवृत्त झाले. मी शाळेत इंग्रजी शिकवते. गोराईच्या विपश्यना पॅगोडात दहा दिवसांच्या शिबिराला बसायचं माझ्या मनात होतं आणि मामांना ते पटत नव्हतं. आधी नुसतं बघून येऊ, एवढ्यावर तडजोड झाली. बोरिवलीच्या बाजूने बोट सुटली आणि मामांनी विषय काढला.

"नियम वाचलेस ना? मौन. वाचन नाही, लेखन नाही. आचार्यांना विचारायचं ते फक्त साधनेबद्दल, तात्त्विक चर्चा नको. बुद्धाच्या दारात प्रश्नाला मज्जाव?"

"मज्जाव कुठे आहे मामा? दुपारी बारा ते एक भेटता येतं."

"वेळ त्यांनी ठरवली, विषयही त्यांनीच ठरवला. कुठला प्रश्न कामाचा, हे विचारणाऱ्याने ठरवायचं की उत्तर देणाऱ्याने?"

मी शिक्षिकेच्या सवयीने सांगितलं, की इंग्रजीतले 'क्वेस्ट' आणि 'क्वेश्चन' एकाच लॅटिन धातूतून आले. शोधणं आणि विचारणं तिथे एकच होतं. म्हणजे गप्प बसून शोधणारा माणूसही विचारतच असतो.

"ते तुझ्या पुस्तकात. आमच्याकडे हे शब्द कचेरीतून आले. इन्क्वायरी म्हणजे कुणाच्या तरी मागे लागलेली. क्वेरी म्हणजे फाईल परत. इन्क्वेस्ट म्हणजे मुडद्याचा पंचनामा. साहेबाने विचारायचं, शिपायाने खुलासा द्यायचा. खालून वर विचारता येतं, हे बाबासाहेबांमुळे कळलं. म्हणून कुणी 'विचारू नका' म्हटलं की माझं डोकं फिरतं."

याला माझ्याकडे तयार उत्तर नव्हतं. मामांचा राग वाचून आलेला नव्हता, जगून आलेला होता.

पॅगोडाच्या मुख्य सभागृहात शिबिर न केलेल्यांना बसता येत नाही; काचेतून बघायचं. आत साधारण 8000 माणसं मावतात आणि एकही खांब नाही. जोधपूरचे दगड एकमेकांत खाचा घालून अडकवत घुमट वर नेलाय. मामांनी कपाळ काचेला टेकवलं आणि दगडांचे सांधे बराच वेळ निरखले. "काम चोख आहे," म्हणाले.

बाहेर सावलीत बसल्यावर मी या शिबिरांचे गुरू, गोयंकागुरुजी यांची गोष्ट काढली. मंडालेत 1924 साली जन्मलेला हा व्यापारी अर्धशिशीने हैराण होऊन सयाजी ऊ बा खिन यांच्याकडे गेला, तेव्हा डोकेदुखीवरचा उपाय म्हणून शिकवणार नाही, असं गुरूंनी साफ सांगितलं. हे आपल्या धर्मात बसतं का, या शंकेने गोयंका स्वतःही अडखळले होते. शंका बाळगूनच ते शिबिराला बसले. "आणि मालुंक्यपुत्ताची कथा तुम्हाला ठाऊक आहे. जग शाश्वत की अशाश्वत, हे कळल्याशिवाय साधना करणार नाही म्हणून तो अडून बसला. बुद्धांनी विषारी बाण लागलेल्या माणसाचा दाखला दिला. बाण कुणी मारला, तो कुठल्या वर्णाचा, धनुष्य कसलं, हे विचारत बसला तर माणूस मरेल."

"दाखला मान्य," मामा म्हणाले. "आधी बाण काढा. पण मारणारा दुसरा बाण लावून समोर उभाच असेल तर? महाडला 1927 साली अस्पृश्य ठरवलेले लोक तळ्यावर पाणी प्यायला गेले, मनातली तहान न्याहाळायला नव्हे. तळं सार्वजनिक की खाजगी, हा प्रश्न कोर्टात 1937 पर्यंत चालला आणि हायकोर्टात आपण जिंकलो. जगाच्या अंताचा प्रश्न बाजूला ठेव. वर्णाचा प्रश्न त्याच टोपलीत कसा टाकतेस?"

इथे मामा बरोबर होते, आणि मी तसं म्हटलं. पण मला आणखी एक आठवलं. बाबासाहेबांचा 'बुद्ध आणि त्याचा धम्म' हा ग्रंथ 1957 साली, त्यांच्या निधनानंतर प्रसिद्ध झाला. प्रास्ताविकातच ते परंपरेला अडवतात: म्हातारा, आजारी, प्रेत बघून सिद्धार्थाने एकोणतिसाव्या वर्षी घर सोडलं म्हणता, मग तोवर त्याला यातलं काहीच कसं दिसलं नाही? त्याऐवजी ते रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य आणि कोलीय यांच्यात पेटलेलं भांडण पुढे आणतात.

"तेच तर! तिथेही पाणीच!"

"हो, पण मामा, त्यावरून भरलेल्या शाक्यांच्या सभेत सिद्धार्थ काय म्हणतो? आगळीक कुणाची, याची आधी चौकशी करा. आपल्याही माणसांनी हात उगारल्याचं मी ऐकलंय, तसं असेल तर दोष आपल्याकडेही येतो. युद्धाला आसुसलेल्या आपल्याच माणसांसमोर तो हे बोलतो. बाण कुणी मारला, हे तो विचारतोच. आपल्या भात्यातला तर नव्हता ना, हेही विचारतो. हा दुसरा प्रश्न रागात सुचत नाही. त्यासाठी मला दहा दिवस गप्प बसायचंय."

मामा थोडा वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "आणि पहिला प्रश्न?"

"तो घरी ठेवून जाणार नाही."

"ते आत त्याला चर्चा म्हणतील."

"म्हणू देत. तिथे नाही विचारणार. बाहेर आल्यावर विचारेन."

मामांचं पूर्ण समाधान झालं नाही, आणि व्हावं असं मलाही वाटत नाही. ध्यानाने अन्याय मिटतो असं सांगणारा माणूस भेटला, तर मी मामांच्याच बाजूने उभी राहीन. मात्र बाहेर विचारणाऱ्याला स्वतःला विचारायची गरज नाही, असं जे मामांच्या बोलण्यातून सूचित होतं, ते मला मान्य नाही. बाबासाहेबांच्या सिद्धार्थालाही ते मान्य झालं नसतं. मी अर्ज भरला आहे. शिबिर अकराव्या दिवशी सकाळी संपतं. तुम्ही गेलात तर मौन मनापासून पाळा, आणि त्या सकाळी बाहेर पडल्यावर, बाण कुणी मारला, हे विचारायला विसरू नका.