माघारीचा निर्णय कोणी घ्यायचा?

९ जानेवारी १९०९ रोजी अर्नेस्ट शॅकल्टन आणि त्याचे तीन सोबती ८८ अंश २३ मिनिटे दक्षिण अक्षांशावर पोहोचले. तोवर इतक्या दक्षिणेला कुणीच गेलेलं नव्हतं. ध्रुव जेमतेम १८० किलोमीटरवर होता. त्यांनी झेंडा रोवला आणि पाठ फिरवली. पुढे गेलो तर ध्रुव कदाचित मिळेल, पण परतीला अन्न पुरणार नाही, हे त्यांना कळून चुकलं होतं. तरीही परतताना उपासमार टळली नाहीच. एके दिवशी शॅकल्टनने आपल्या वाट्याचं बिस्किट बळेच सोबती फ्रँक वाइल्डला खायला लावलं. चौघेही जिवंत आले.

इंग्लंडने त्याला ‘सर’ केलं, पण लोकांच्या मनातला आदर्श ठरला तो रॉबर्ट स्कॉट. १७ जानेवारी १९१२ ला स्कॉट ध्रुवावर पोहोचला, तेव्हा नॉर्वेचा अमुंडसेन महिनाभर आधीच तिथे येऊन गेला होता. परतीच्या वाटेवर तो आणि त्याचे चार सोबती, पाचही जण गेले. शेवटच्या तिघांचा तंबू अन्नसाठ्यापासून अवघ्या २० किलोमीटरवर होता. लंडनच्या सेंट पॉल्समधल्या स्मृतिप्रार्थनेला खुद्द राजा हजर राहिला. १९१४ मध्ये महायुद्ध पेटलं, आणि हसत मरणाला सामोरं जाणाऱ्या वीराची त्या देशाला फारच गरज पडली. स्कॉटला मूर्ख ठरवणं मला अन्यायाचं वाटतं. त्या मार्चची थंडी असाधारण होती, हे पुढे हवामानाच्या नोंदींवरून दिसून आलं. पण मरणाला यशाहून मोठं मानणारी ती दृष्टी मला आजही अस्वस्थ करते. ती बदलायला अनेक दशकं लागली. १९७९ मध्ये चरित्रकार रोलंड हंटफर्डने स्कॉटच्या नियोजनावर कठोर टीका केली, आणि शतक संपता संपता शॅकल्टनचं नाव पुन्हा वर आलं.

उंच पर्वतांनी माघारीच्या या विचारात आणखी एक अडचण उभी केली. शॅकल्टन भुकेला असला तरी विचार करू शकत होता. आठ हजार मीटरच्या वर हवेतला प्राणवायू समुद्रसपाटीच्या तिसऱ्या हिश्श्याएवढाच मिळतो, आणि आधी मंदावते ती निर्णयबुद्धी. ज्या मेंदूने ‘आता पुरे’ म्हणायचं, तोच थकलेला असतो. म्हणून निर्णय खाली, शुद्धीवर असताना घ्यायचा आणि वर फक्त पाळायचा, ही रीत पडत गेली: ठरलेल्या वेळी जिथे असाल तिथून मागे वळा.

१० मे १९९६ रोजी एव्हरेस्टवर ही रीत ढिली पडली. दुपारी एक, फार तर दोनची चर्चा झाली होती, पण काहीजण त्यानंतरही चढत राहिले. मग वादळ आलं, आणि आठ जणांचा अंत झाला. रॉब हॉलसारखा मुरलेला नेताही त्यांत होता. त्याच्याच तुकडीतले तिघे मात्र सकाळी साडेअकराच्या सुमारास, पुढची गर्दी पाहून मागे फिरले होते. ते वाचले.

त्याच महिन्यात स्वीडनचा योरान क्रोप शिखराच्या अगदी जवळून परतला आणि तीन आठवड्यांच्या आत पुन्हा चढून वर पोहोचला. ही गोष्ट सांगायला सोपी आहे, कारण तिच्या शेवटी शिखर आहे. मला ब्रिटिश गिर्यारोहक एडवर्ड नॉर्टन अधिक महत्त्वाचा वाटतो. ४ जून १९२४ ला कृत्रिम प्राणवायूशिवाय साडेआठ हजार मीटरच्या वर गेल्यावर तो वळला. त्या रात्री बर्फाच्या लखलखाटाने त्याची दृष्टी काही काळ गेली. एव्हरेस्टवर त्याला पुन्हा संधी मिळाली नाही.