उजव्या पंखाचे चार इंच

हातातलं काम बाजूला ठेवा. पाठ टेकून बसा. श्वास आपल्या गतीने चालतोय, चालू द्या. आज आपल्याला एका मापापाशी बसायचं आहे. माप म्हणजे रुक्ष गोष्ट, असं मनात येईल. येऊ द्या, आणि बसून राहा.

समजा, एक चित्रपट निघतो आहे. विषय राइट बंधू, विल्बर आणि ऑर्व्हिल. दिवस १७ डिसेंबर १९०३. ठिकाण अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायनाचा समुद्रकाठ, किटी हॉकजवळच्या वाळूच्या टेकड्या. त्या सकाळी उडालेलं विमान सेटवर पुन्हा उभं करायचं आहे आणि त्याची मापं शोधायचं काम तुमच्याकडे आलं आहे. सुतार लाकूड घेऊन थांबलाय. त्याला आकडे हवेत.

आकडे मिळतात. लांबी २१ फूट १ इंच. उंची ९ फूट ४ इंच. पंखांचा विस्तार, या टोकापासून त्या टोकापर्यंत, ४० फूट ४ इंच.

या शेवटच्या आकड्यावर थांबा. मन म्हणेल, ४० फूट धरू, वरचे ४ इंच पडद्यावर कुणाला दिसणार आहेत? मनाला बोलू द्या. त्याच्याशी वाद घालू नका.

आता आपला हात समोर धरा. अंगठा बोटांना चिकटवून तळव्याची रुंदी बघा. मोठ्या माणसाच्या हाताला ती साधारण ४ इंच भरते. आत्ता आपण सोडून द्यायला निघालो होतो, ते एवढं.

हे ४ इंच आले कुठून? या विमानाचे पंख दोन्ही बाजूंना सारखे नव्हते. उजवी बाजू डावीपेक्षा ४ इंचांनी लांब होती. इंजिन मध्याच्या उजवीकडे बसवलेलं. चालवणारा मध्याच्या डावीकडे, खालच्या पंखावर पालथा पडलेला. इंजिन माणसापेक्षा जड, म्हणजे उजवी बाजू कलणार. तिला उचलून धरायला तिकडे थोडा जास्त पंख हवा. म्हणून ते ४ इंच.

हे पुन्हा एकदा, सावकाश मनात आणा. त्या लांबीत इंजिनाचं वजन आहे, तसं दोघा भावांच्या अंगाचंही वजन आहे. ते जाडजूड असते, तर हा आकडा वेगळा आला असता. ४० फूट असं गोल केलं की नेमके तेच ४ इंच गळतात. आकडा सुटसुटीत होतो आणि त्यामागचा हिशेब पुसला जातो.

आता साक्षीपुराव्याकडे वळा. राइट बंधूंनी या विमानाची रीतसर, पूर्ण आरेखनं मागे ठेवली नाहीत. तपकिरी वेष्टनाच्या कागदावर पेन्सिलीने काढलेलं एक रेखाटन फिलाडेल्फियाच्या फ्रँकलिन इन्स्टिट्यूटमध्ये आहे. आणि एक छायाचित्र आहे. ते डोळ्यांपुढे आणा. ऑर्व्हिलने कॅमेरा तिवईवर लावून दिला होता आणि जीवरक्षक केंद्रातल्या जॉन डॅनियल्स यांनी तो चालवला. विमान जमिनीवरून नुकतंच सुटलं आहे. विल्बर उजव्या टोकापाशी धावता धावता थबकला आहे. वाळूवर लाकडी रूळ दिसतो. तो ६० फुटांचा होता, हे ठाऊक आहे. म्हणजे चित्रात एक मोजपट्टी आपोआप येऊन पडली आहे. पण कॅमेऱ्याला जवळचं मोठं दिसतं आणि लांबचं लहान. चित्रावरून बरंच काही ताडता येतं, ४ इंच मात्र येत नाहीत.

मग खुद्द विमानच मोजावं. ते वॉशिंग्टनला स्मिथसोनियनच्या संग्रहालयात आहे. पण त्याचा प्रवासही ध्यानात घ्या. १९१३च्या पुरात ते डेटनला खोक्यांमध्ये पाण्या-चिखलात राहिलं. १९१६ मध्ये डागडुजी करून प्रदर्शनात मांडलं गेलं. लंडनला पाठवण्याआधी त्याच्यावर नवं कापड चढलं. १९२८ ते १९४८ ते लंडनच्या सायन्स म्युझियममध्ये होतं. १९८५ मध्ये ते पुन्हा सोडवलं, साफ केलं, नव्या कापडाने मढवलं.

तर मग खरं माप कुठलं? उत्तराची घाई नको. प्रश्न थोडा वेळ तसाच असू द्या.

आपला चित्रपट एका सकाळचा आहे. त्या सकाळी चार उड्डाणं झाली. पहिलं १२ सेकंदांचं, १२० फुटांचं. चौथं ५९ सेकंदांचं, ८५२ फुटांचं. मग वाऱ्याच्या झोताने उभं विमान उलटवलं, मोडलं. ते पुन्हा कधीच उडालं नाही. आपण ज्याची मापं शोधतोय, ते विमान त्या रूपात दिवसभरही टिकलं नाही. त्यानंतरचं सगळं म्हणजे दुरुस्ती, आठवण आणि जपणूक. म्हणून एका पुराव्यावर विसंबता येत नाही. कागद, छायाचित्र आणि लाकूड एकमेकांशी ताडून पाहावं लागतं. जिथे तिन्ही जुळतात तिथे पाय रोवायचे. जिथे जुळत नाहीत तिथे विचारायचं, या दोघा भावांनी हे असं का केलं असेल? कारण हाती आलं की आकडा बहुधा पाठोपाठ येतो.

अचूकपणाचं मोल मला इथे दिसतं. प्रेक्षक चूक पकडेल ही भीती त्याच्या मुळाशी नसावी. कुणीतरी विचार करून, वजनं तोलून एक लांबी ठरवली होती. ती तशीच ठेवणं म्हणजे त्या विचाराला मान देणं.

आता सुताराकडे जा. त्याला ४० फूट ४ इंच हा एकच आकडा देऊ नका. डाव्या आणि उजव्या बाजूचं माप वेगवेगळं लिहून द्या आणि शेजारी कारणही लिहा. कारण न सांगता दिलेलं असमान माप चांगला कारागीर चूक समजून सारखं करून टाकतो, आणि त्यात त्याचा दोष नसतो. कारण कळलं की तोच कारागीर ते ४ इंच जिवापाड सांभाळेल.