रुग्णसेवा : दया की मोह?

दया आणि मोह यांचे बाह्य रूप पुष्कळदा एकच असते. भेद अंतःकरणात असतो. आप्तजनाच्या कर्करोगावरील केमोथेरपी शेवटच्या टप्प्यात येते, तेव्हा या भेदाची कसोटी लागते.

श्रीचक्रपाणी प्रभूंच्या जन्माने पावन झालेल्या फलटणातील एखादे कुटुंब रुग्णाला घेऊन परळच्या टाटा रुग्णालयात जाते, दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत उतरते. ही औषधे वेगाने वाढणाऱ्या पेशी मारतात. त्यात रोगाबरोबर केसांची मुळे, तोंडातील अस्तर आणि रक्तातील पांढऱ्या पेशीही सापडतात. पहिल्या वेळी धीर देणारे पुष्कळ असतात. पुढे पैसा, बळ आणि सोबत तिन्ही आटतात, आणि रुग्ण म्हणतो, "आता पुरे."

येथे पूर्वपक्ष असा की, जीव राखणे हाच धर्म. म्हणून आग्रहाने, प्रसंगी सत्य लपवूनही, उपचार चालू ठेवावा. दुसरा पक्ष म्हणतो, जीवाला पीडा देऊ नये. म्हणून तो तत्काळ थांबवावा. दोन्ही पक्ष अपुरे आहेत, कारण उपचाराचा हेतू कोणीच विचारलेला नाही.

तो वैद्यांना स्पष्ट विचारावा. रोग समूळ जाण्याची आशा असेल, तर उरलेली आवर्तने पार पाडण्यास आधार देणे ही दया होय. अशा वेळी 38 अंश सेल्सिअसच्या वर ताप गेला, तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठावे. पांढऱ्या पेशी घटलेल्या असताना जंतुसंसर्ग प्राणघातक ठरतो. परंतु उपचार केवळ रोग काही काळ आवरण्यापुरता उरला असेल, तर "पुरे" म्हणण्याचा अधिकार रुग्णाचा आहे. तेथे "आणखी एकदा घेऊन पाहू" हा हट्ट बहुधा आपल्या वियोगभयातून येतो. तो मोह होय.

उपचार थांबला म्हणजे सेवा थांबली असे नव्हे. मुंबईत वांद्र्याचे शांती अवेदना सदन 1986 पासून, पुण्यात वारजे येथील सिप्ला केंद्र 1997 पासून हेच कार्य करीत आले आहे. वेदनेवर मॉर्फिन आहे. 2014 च्या कायदादुरुस्तीने ते मिळण्याची वाट सुकर केली. कोरडे ओठ ओले करणे, कूस बदलून देणे, विचारलेल्या प्रश्नास खरे पण मृदू उत्तर देणे, हे तर घरीही होते.

सेवकाने रोज स्वतःस एवढेच विचारावे : या कृतीने कोणाचे दुःख हलके होते, रुग्णाचे की माझे? उत्तर "माझे" असे आले, तर हात आवरावा, आणि रुग्णाचे म्हणणे पुन्हा एकदा शांतपणे ऐकावे.