जट कापली, पुढं काय?

आक्काची जट मी कापली. माझ्या हातानं. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं मी कुठल्या तोंडानं लिहितोय ते तुम्हांला कळेल.

देवी, करणी, वशीकरण, मांत्रिक यांच्याकडं तरण्या पोरी का ओढल्या जातात? आमच्या पोरांकडं उत्तर तयार असतं. अज्ञान. मीसुद्धा भाषणात हेच ठोकायचो, टाळ्या पडायच्या. आता ते उत्तर माझ्याच घशाखाली उतरत नाही.

आक्का सूतगिरणीत वाइंडिंग खात्यात, मी त्याच गिरणीत रिंग खात्यात. तिची सकाळची सातची पाळी. चारला उठायचं, पाणी भरायचं, भाकऱ्या थापायच्या, पोराचं आवरायचं, सासूचा चहा, की गिरणीचं गेट. केस विंचरणार कवा? खात्यात दिवसभर कापसाचा भुगा उडतो. तेलकट डोक्यावर बसतो, घामात भिजतो, वाळतो. दोन महिने फणी फिरली नाही की गुंता होतो आणि गुंत्याचा दोर होतो. कापूस, तेल, घाम, उवा आणि वेळ नसणं. जट म्हणजे एवढंच.

पण सासूनं ती बघितली आणि हात जोडले. यल्लम्मा आली म्हणाली.

चार वर्षांत जिनं सुनेला एकदा धड नावानं हाक मारली नव्हती, तिनं हात जोडले. दाजी पिऊन यायचे, मारायचे. त्यांचा हात थांबला. देवीच्या झाडाला हात कोण लावणार? मंगळवारी-शुक्रवारी आक्कासाठी पाट मांडला जाऊ लागला. गल्लीतल्या बायका भंडारा लावून पाया पडू लागल्या. अंगात वारं आलं की आक्का बोलायची आणि सगळं घर गप बसून ऐकायचं. एकदा घुमताना म्हणाली, ह्या घरात लक्ष्मीला उपाशी ठेवत्यात. हे शुद्धीत म्हणाली असती तर दात पडले असते. त्या दिवसापासून तिला आधी ताट मिळायला लागलं.

ती नाटक करत होती का? मी तिला सरळ विचारलंय. ती म्हणाली, "न्हाई रे. आतनं येतंयच. पर आलं की बरं वाटतंय." मला हे खरं वाटतं. जे बोलायला जागाच नाही ते साठत जातं, आणि एक दिवस दुसऱ्याच्या नावानं बाहेर पडतं. स्वतःच्या नावानं पडलं तर मार, देवीच्या नावानं पडलं तर नारळ.

बेबीताई कांबळे यांचं ‘जिणं आमुचं’ १९८६ साली पुस्तक म्हणून आलं. त्यात आखाडातलं महारवाड्यातलं अंगात येणं आहे. त्याच पुस्तकात सुनांच्या पायात घातलेला खोडा आहे, कापलेली नाकं आहेत. आम्ही ही पानं वेगवेगळी वाचतो. एक अंधश्रद्धेचं, एक जुलमाचं. मला आता ती एकाच बाईची पानं वाटतात. जिच्या पायात खोडा, तिच्याच अंगात देवी.

स्टँडमागच्या मुतारीवर बाबालोकांची पत्रकं चिकटवलेली असतात. आता तीच मोबाईलवरपण येतात. प्रेमविवाह, सवत, सासूचा जाच, मूल नसणं, नवऱ्याचं बाहेरचं. एकदा ते पत्रक मी सावकाश वाचलं आणि चरकलो. ही बायकांच्या तक्रारींची यादी आहे! आमच्या युनियनच्या मागणीपत्रात यातलं एकबी कलम नाही. जयंतीच्या मीटिंगला यातला एकबी विषय निघत नाही. बाबा भामटा आहे, पण ऐकायची खिडकी त्यानं उघडी ठेवलीय, पैसे घेऊन का होईना. कॉलेजातली पोरगी दुसऱ्या जातीतल्या पोरावर जीव लावते. बापाला सांगितलं तर कोयता, मैत्रिणीला सांगितलं तर बोभाटा. ती बाबाकडनं काळा दोरा आणते. बारावी सायन्स झालेली असते. दोऱ्यात काय दम आहे ते तिला कळत नसेल असं मी मानत नाही. दुसरं हातात काही नाही, म्हणून दोरा.

आणि पुरुष काय धुतल्या तांदळाचे? खंडेनवमीला साच्याला हार, लिंबू. जॉबर नारळ फोडतो, आम्ही हात जोडून उभे. मटक्याचा आकडा बाबाकडनं. पण ह्याला कुणी अंधश्रद्धा म्हणत नाही, पद्धत म्हणतात. वर पेढे असतात.

२० ऑगस्ट २०१३ ला डॉ. नरेंद्र दाभोलकरांना पुण्यात गोळ्या घातल्या. काही दिवसांत जादूटोणाविरोधी वटहुकूम निघाला, डिसेंबरात कायदा झाला. भोंदूला सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत शिक्षा. त्या कायद्यासाठी माणसाचं रक्त पडलंय, त्याच्या कानामात्रेलाही कुणी हात लावू नये असं माझं मत आहे. पण कायदा मांत्रिकाला धरतो. पोरगी त्याच्या दारात का गेली, हे कायदा विचारत नाही. ते आपण विचारायचं होतं.

आमच्या पणज्यानं १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर देव्हारा नदीत सोडला. ही गोष्ट आमच्या घरात छाती फुगवून सांगतात. मीही सांगतो, अभिमान आहेच. पण परवा पहिल्यांदा ध्यानात आलं की त्या गोष्टीत पणजी कुठंच नाही. देव आणताना तिला कुणी विचारलं नव्हतं, टाकतानाही नाही. तिची परडी म्हणे ती मरेपर्यंत कणगीमागं होती. बाबासाहेब १९२७ ला महाडात खास बायकांशी बोलले होते. आम्ही घरातल्या घरात तेवढंही केलं नाही.

थेरीगाथेत पुण्णिका आहे. दासी, नदीवर पाणी भरणारी. थंड पाण्यात बुडून पाप धुणाऱ्या बामणाशी ती वाद घालते आणि जिंकते. अंगात काही यावं लागत नाही तिला. स्वतःच्या तोंडानं बोलते. पण तो बामण उभा राहून एका दासीचं ऐकून घेतो, मला तेही तेवढंच मोठं वाटतं. आक्काच्या घरात तेवढं कोण होतं?

मग देवी राहू द्यायची? नाही, दोस्तांनो. राहू द्या म्हणणारे शहाणे मला ठाऊक आहेत, त्यांच्या घरातली पोरगी जोगतीण होत नाही. देवीचा हिशेब मी बघितलाय. सौंदत्तीच्या वाऱ्या, साडी-चोळी, जेवणावळी, डोक्यावर कर्ज. देवी आठवड्यातले दोन दिवस बोलते, उरलेले पाच दिवस बाई मुकीच. देवी दहीभात मागू शकते, पगाराचं पासबुक मागू शकत नाही. आणि उद्या शेजारचं पोर दगावलं, तर त्याच तोंडाला चेटकीण म्हणायला गल्लीला कितीसा वेळ लागतो? जट कापली ते बरोबरच केलं.

पण खोट्या गोष्टीच्या जिवावर एखादीला खरी भाकरी मिळत असेल, तर ती खोटी गोष्ट हिसकावून घेणाऱ्यावर त्या भाकरीचं देणं लागतं की नाही? आम्ही ते चुकवलं नाही. सहा जण गेलो होतो. कात्री, डेटॉल, मोबाईलवर फोटो. सासू शिव्याशाप देत होती. आक्काला पुस्तक दिलं, पुन्हा फोटो काढला, नाक्यावर चहा प्यायला, आपापल्या पाळीला गेलो. क्रांती झाली साली!

दीड महिन्यांनी आक्का माझ्या खोलीवर आली. केस नीट विंचरलेले. डोळ्याखाली काळंनिळं. म्हणाली, "जट कापलीस, ब्येस केलंस. आता त्येचा हात कोन धरनार?"

मला उत्तर आलं नाही. तिला घेऊन चौकीत गेलो, तर घरातलं घरात मिटवा म्हणाले. कौटुंबिक हिंसाचाराचा २००५ चा कायदा आहे, हे आम्हीच त्यांना सांगितलं. अर्ज झालाय. आक्का पोराला घेऊन आता आमच्याकडं राहते. पगार तिच्या खात्यात पडतो. आई अजून कधीमधी म्हणते, देवी कोपली म्हणून संसार मोडला.

पलीकडच्या गल्लीत एकोणीस वर्षांच्या पोरीला जट आलीय. पोरं म्हणाली, चल, कात्री घे. मी आक्काला सांगितलं. ती पोराचं दप्तर भरत होती. म्हणाली, "मी येते. फोटो काढायचा न्हाई. आदी तिला इचारू, जट आली त्या टायमाला घरात काय झालतं." रविवारी जातोय. कात्री आक्काच्या पिशवीत आहे.