परगावी शिकणारे लेकरू आणि आपली अमानत

सर्व स्तुती अल्लाहसाठी, ज्याने आजारासोबत त्याचा उपचारही उतरविला, आणि दुरूद व सलाम असो पैगंबर मुहम्मद (स.) यांच्यावर, ज्यांनी आजाऱ्याची विचारपूस हा एका मुसलमानाचा दुसऱ्या मुसलमानावरील हक्क ठरविला.



पवित्र कुरआनच्या सूरह यूसुफमध्ये एक पिता आपल्या मुलांना परमुलखी पाठवताना दिसतो. दुष्काळाचे दिवस आहेत. हजरत याकूब (अ.) यांची मुले धान्यासाठी इजिप्तला निघाली आहेत आणि या खेपेस धाकटाही सोबत आहे. एक लेक या पित्याने आधीच गमावला आहे. म्हणून धाकट्याला परत आणण्याचे वचन ते थोरल्यांकडून अल्लाहच्या साक्षीने घेतात. मग बजावतात की सगळ्यांनी एकाच दरवाजाने शिरू नये, वेगवेगळ्या दरवाजांनी जावे. आणि लगेच हेही सांगतात की अल्लाहच्या निर्णयापुढे मी तुमच्या काहीही कामी येऊ शकत नाही, माझा भरवसा त्याच्यावरच आहे.

येथे तदबीर आणि तवक्कुल शेजारी शेजारी उभे आहेत. अल्लाहवर भरवसा आहे म्हणून त्या पैगंबरांनी दरवाजांचा विचार सोडला नाही, आणि दरवाजांचा विचार केला म्हणून त्यांचा भरवसा उणावला नाही.

बारावीचा निकाल लागला की आपल्याही घरांतून मुले-मुली बाहेर पडतात. कोकणातून मुंबईला, मराठवाड्यातून पुण्याला, कोणी अलीगढला, कोणी दिल्लीला. सामानात लोणच्याची बरणी असते, जानमाज असते. निघताना अम्मी आयतुल कुर्सी पढून दम करते. दुआ हे मोमिनाचे मोठे बळ आहे, यात शंका नाही. परंतु हे लेकरू मध्यरात्री वसतिगृहात बेशुद्ध पडले, तर शेजारच्या खाटेवरील सोबत्याला काय ठाऊक असते? त्याला कोणते औषध सोसत नाही, तो रोज कोणती गोळी घेतो, अब्बांचा नंबर काय? नंबर फोनमध्ये असतो आणि फोन कुलूपबंद असतो.

सुनन अबू दाऊदमध्ये हजरत जाबिर (रजि.) यांची एक रिवायत आहे. काही लोक प्रवासात होते. त्यांच्यातील एकाला दगड लागून डोक्याला जखम झाली. पुढे त्याच्यावर गुस्ल वाजिब झाले, तेव्हा त्याने सोबत्यांना विचारले की मला तयम्मुमची सवलत आहे काय? ते म्हणाले की पाणी उपलब्ध असताना तुला सवलत दिसत नाही. त्याने स्नान केले आणि तो मरण पावला. ही वार्ता पैगंबर (स.) यांच्यापर्यंत पोचली, तेव्हा ते अत्यंत नाराज झाले. त्या लोकांनीच त्याचा जीव घेतला, असे ते म्हणाले. ठाऊक नव्हते तर त्यांनी विचारले का नाही, अज्ञानाचे औषध विचारणे हेच आहे.

ते सोबती त्याचे वैरी नव्हते. त्यांचा हेतूही वाईट नव्हता. तरीही त्यांचे अज्ञान एका जिवावर बेतले. आणि त्यांना जखम तरी दिसत होती! आपण तर आपल्या मुलांच्या सोबत्यांना जखमच दिसू देत नाही.

कटू वाटेल, पण हे बोलणे भाग आहे. दमा, मधुमेह, हृदयाचा जन्मजात दोष, मनाच्या आजाराची औषधे आणि सर्वांत अधिक फेफरे, हे सारे आपल्या घरांत लपविले जाते. मुलगी असेल तर ताकीदच असते की खोलीत कोणाला कळू देऊ नकोस, उद्या स्थळ येईल तेव्हा अडचण होईल. मग गोळ्यांची पट्टी कपड्यांच्या घडीखाली जाते. कोणी पाहील म्हणून एखादी गोळी चुकते. परीक्षेचे जागरण होते. चुकलेली गोळी आणि अपुरी झोप या दोन्हींनी फेफऱ्याचा झटका येण्याची शक्यता वाढते. झटका आला की घाबरलेल्या मैत्रिणी हातपाय दाबून धरतात, दातांत चमचा घालतात, कोणी कांदा आणतो, तर कोणी असर झाला म्हणून आमिलला बोलावण्याच्या गोष्टी करतो. वेळ निघून जातो. दोष त्या मुलींचा नाही. त्यांना काही सांगितलेच नव्हते.

आजार लपविणे म्हणजे हया, असे ज्यांना वाटते त्यांनी सहीह बुखारी आणि सहीह मुस्लिममधील त्या स्त्रीची हदीस आठवावी. तिला फेफरे येत असे. ती स्वतः पैगंबर (स.) यांच्याकडे आली आणि म्हणाली की झटक्यात माझे अंग उघडे पडते, माझ्यासाठी दुआ करा. त्यांनी दोन मार्ग तिच्यापुढे ठेवले: सब्र करशील तर जन्नत आहे, अथवा आरोग्यासाठी दुआ करतो. तिने सब्र निवडला; मात्र अंग उघडे पडू नये एवढी दुआ मागितली आणि पैगंबर (स.) यांनी ती केली. पुढे हजरत इब्ने अब्बास (रजि.) आपल्या शिष्याला ती स्त्री दाखवून सांगत की जन्नतची स्त्री पाहायची असेल तर ही पाहा.

तिची हया आपल्या सतरविषयी होती, आजाराविषयी नव्हती. जिला जन्नतची खुशखबर मिळाली तिचा आजार जर कलंक ठरला नाही, तर आपल्या लेकीचा कसा ठरेल? आणि निकाहच्या वेळी गंभीर आजार दडविणे ही तर दुसऱ्या घराची फसवणूकच आहे. तिथे लपवायचे म्हणून वसतिगृहातही लपविणे, म्हणजे एका गुन्ह्यासाठी लेकीचा जीव गहाण ठेवणे होय.

याचा अर्थ गावभर सांगत सुटावे असा नाही. तीन माणसांना सांगावे: खोलीतील एक विश्वासू सोबती, वसतिगृहाचे रेक्टर, आणि त्या शहरातील एक जबाबदार नातलग वा परिचित. एका कागदावर नाव, रक्तगट, आजार, चालू औषधे, न सोसणारे औषध, डॉक्टरांचा आणि घरचे दोन नंबर मराठीत व इंग्रजीत लिहावेत. एक प्रत मुलाच्या पाकिटात, एक सोबत्याकडे असावी. तेच नंबर फोन कुलूपबंद असतानाही दिसतील असे भरून ठेवता येतात. महाराष्ट्रात 108 वर रुग्णवाहिका विनामूल्य येते. देशभर 112 हा तातडीचा क्रमांक आहे.

सोबत्याला एवढे शिकवावे: फेफरे आले तर कुशीवर वळवावे, अंगावर चादर टाकावी, तोंडात काहीही घालू नये, दाबून धरू नये, घड्याळ पाहावे. झटका 5 मिनिटांहून अधिक चालला, किंवा शुद्ध येण्यापूर्वी दुसरा आला, तर त्वरित रुग्णवाहिका बोलवावी. मधुमेही सोबत्याला घाम सुटून थरथर होऊ लागली आणि तो शुद्धीत असेल, तर साखरेचे पाणी द्यावे. बेशुद्ध असेल तर तोंडात थेंबही घालू नये.

रमजानमध्ये इन्सुलिन घेणाऱ्या मुलाने रोजाचा निर्णय डॉक्टरांना विचारून करावा. रक्तातील साखर 70 च्या खाली गेली तर रोजा सोडावा, मग इफ्तारला दहा मिनिटे का उरली असेनात. आजाऱ्याला सवलत स्वतः अल्लाहने दिली आहे. ती नाकारणे ही परहेजगारी नव्हे. मुलींना स्त्री डॉक्टर मिळाली तर उत्तम. परंतु जिवावर बेतले असता तिची वाट पाहत उपचार लांबविण्यास शरीअत सांगत नाही.

पैशाअभावी वा पोलिसांच्या कागदांअभावी दारातून परत पाठविले जाईल, या भीतीने कोणी थांबू नये. जीव वाचविण्याचे तातडीचे उपचार करणे सरकारी आणि खासगी, दोन्ही डॉक्टरांचे कर्तव्य आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने 1989 मध्येच सांगितले आहे. तरीही आयुष्मान कार्ड मिळण्यास कुटुंब पात्र असेल, तर मुलाचे कार्ड निघण्यापूर्वीच काढून घ्यावे.

शेवटी एक शब्द शहरांतील जमाअतींसाठी. खंदकच्या लढाईत हजरत साद बिन मुआज (रजि.) जखमी झाले, तेव्हा त्यांच्यासाठी मस्जिदे नबवीच्या आवारात तंबू उभारला गेला, जेणेकरून पैगंबर (स.) यांना जवळूनच त्यांची विचारपूस करता यावी. ज्या मशिदीच्या परिसरात परगावचे विद्यार्थी राहतात, तिथे रात्री फोन उचलणारी, गाडी काढणारी, रक्त देणारी चार माणसे ठरलेली असावीत. मुलगा कोणत्याही धर्माचा असो. दूरच्या गावी एखादी अम्मी त्या रात्री सज्द्यात रडत असेल. तिच्या दुआचे उत्तर कदाचित अल्लाहने तुमच्या हाती सोपविलेले असेल.

हे अल्लाह, आमच्या परगावच्या लेकरांचे रक्षण कर. त्यांच्या आजारांना शिफा दे, त्यांना जाणते सोबती दे, आणि आम्हाला तुझ्यावर भरवसा ठेवून आपले कर्तव्य पार पाडणारे बनव. आमीन.