परवाना लागत नाही, म्हणून जबाबदारीही नाही?



गेल्या वर्षी वाढदिवसाला मी माझ्या तेरा वर्षांच्या नातवाला विजेवर चालणारी स्कूटर घेऊन दिली. दुकानदार म्हणाला, "काका, ह्या गाडीला लायसन्स नको, पासिंग नको, नंबर प्लेट नको. बिनधास्त द्या मुलाला." मी दिली. अट एकच घातली, सोसायटीच्या गेटबाहेर जायचे नाही. रस्ता धोक्याचा आणि आवार सुरक्षित, असा माझा साधा हिशोब होता.

एका रविवारी सकाळच्या मिस्साहून परतताना शेजारच्या वहिनी इमारतीच्या कोपऱ्यावरून वळल्या. वहिनींचे वय सत्तरीच्या पुढे. समोरून नातू आला. गाडीला इंजिनाचा आवाज नाही, त्यामुळे त्यांना चाहूल लागली नाही. त्या पडल्या आणि मनगटाचे हाड मोडले. मी धावत खाली गेलो आणि माझ्या तोंडून पहिले वाक्य निघाले ते असे, "वहिनी, त्याने हॉर्न वाजवला होता." त्या काही बोलल्या नाहीत. ते वाक्य मला आजही टोचते.

कायद्याच्या दृष्टीने दुकानदार खोटे बोलला नव्हता. केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार २५० वॅटपर्यंतची मोटर आणि ताशी २५ किलोमीटरच्या आतला वेग, अशा अटींत बसणाऱ्या विजेच्या दुचाकीला मोटार वाहन मानले जात नाही. त्याहून अधिक वेगाच्या किंवा शक्तीच्या गाडीला मात्र नोंदणी व परवाना दोन्ही लागतात. अशी गाडी अल्पवयीन मुलाच्या हाती देऊन गुन्हा घडल्यास २०१९ च्या दुरुस्तीनुसार पालकाला किंवा गाडीच्या मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड होऊ शकतो. माझी गाडी पहिल्या प्रकारातली होती. मग मी दोषी की निर्दोष?

कायद्याने परवान्याची अट काढली, गाडीचे वजन काढले नाही. ताशी २५ किलोमीटर म्हणजे सेकंदाला जवळजवळ सात मीटर. कोपऱ्यावर माणूस दिसून हात ब्रेकवर जाईपर्यंत तेवढे अंतर संपलेले असते. शिवाय धडकेचा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो. दहाऐवजी पंचवीसच्या वेगाने गाडी आली, तर वेग अडीचपट, पण जोर सव्वासहापट होतो.

ह्या प्रश्नाचे उत्तर मला पवित्र शास्त्रात सापडले. निर्गमच्या एकविसाव्या अध्यायात शिंग मारणाऱ्या बैलाविषयी नियम आहे. बैलाने अचानक कोणाला मारले तर मालक निर्दोष. परंतु तो मारका आहे हे मालकाला आधी सांगितले गेले असेल आणि तरीही त्याने त्याला बांधून ठेवले नसेल, तर मालक दोषी. हेतू वाईट होता की नाही, एवढेच हा नियम पाहत नाही. तुला ठाऊक होते का आणि ठाऊक असून तू काय केलेस, असेही तो विचारतो. हे वाचताना मला आमच्या वॉचमनची आठवण झाली. अपघाताच्या पंधरा दिवस आधी तो मला म्हणाला होता, "साहेब, बाबू जोरात चालवतो." मी हसून, "मूल आहे," म्हटले होते. मला सांगितले गेले होते. बैल मी बांधला नव्हता.

अनुवाद २२:८ मध्ये नवीन घर बांधणाऱ्याला गच्चीला कठडा बांधण्याची आज्ञा आहे. कोणी पडून मेला, तर त्या रक्ताचा दोष घरावर येऊ नये म्हणून. म्हणजे अपघात होण्याआधीच त्याचा विचार करणे हेही परमेश्वराच्या दृष्टीने धर्माचरण आहे. कॅथलिक धर्मशिक्षण ग्रंथ हाच विषय पाचव्या आज्ञेखाली घेतो. वेगाच्या आवडीपायी इतरांची सुरक्षितता धोक्यात घालणाऱ्याला तो गंभीर दोष देतो (परिच्छेद २२९०). २००७ साली व्हॅटिकनने वाहनचालकांसाठी दहा आज्ञा प्रसिद्ध केल्या. रस्त्यावर जो अधिक दुर्बळ आहे त्याचे रक्षण करावे, अशी त्यातील एक आहे. सोसायटीच्या आवारात दुर्बळ कोण? काठी टेकणारे आजोबा, रांगणारे मूल, कमी ऐकू येणारी आजी. आणि ह्या सर्वांसाठी ते आवार म्हणजेच फिरण्याची एकमेव जागा.

चार्जिंगचीही हीच गोष्ट. २०२२ साली देशात ठिकठिकाणी विजेच्या स्कूटरना आगी लागल्या आणि त्यानंतर सरकारने बॅटरीच्या चाचण्यांचे नियम कडक केले. पेट्रोलची गाडीही पेट घेऊ शकते, हे खरे. परंतु लिथियमच्या बॅटरीत एकदा उष्णता अनावर झाली की ती स्वतःच वाढत जाते, विषारी वायू बाहेर पडतात आणि विझलेली आग पुन्हा भडकू शकते. म्हणून जिन्याखाली, लिफ्टसमोर किंवा घराच्या दाराशी चार्जिंग करू नये. आग लागली तर बाहेर पडण्याची वाट तीच असते. कंपनीचाच चार्जर वापरावा, एक्स्टेन्शनची वायर खिडकीतून लोंबकळत सोडू नये, रात्री चार्जिंग लावून झोपू नये, पाण्यात बुडालेली किंवा फुगलेली बॅटरी तपासून घेतल्याशिवाय लावू नये. आणि सोसायटीच्या सामायिक मीटरवरून गुपचूप चार्जिंग करणाऱ्यांनी सातवी आज्ञाही एकदा आठवावी.

मग बंदीच घालावी का? आमच्या सभेत तशी मागणी झाली. मला ती पटली नाही. ह्या गाड्या धूर सोडत नाहीत. सामायिक घराची, म्हणजे पृथ्वीची काळजी घ्या, असे दिवंगत पोप फ्रान्सिस ह्यांनी २०१५ च्या परिपत्रकात कळकळीने सांगितले होते. शिवाय आमच्या इमारतीत घरपोच सामान पोहोचवणारा एक तरुण राहतो. त्याची चूल त्याच गाडीवर पेटते. चार्जिंगला जागा नाकारली, तर माझ्या नातवाचा खेळ बुडेल, पण त्याची रोजी बुडेल. ज्याला नियमाची सर्वाधिक झळ बसणार, त्याला सभेत बोलू न देता केलेला नियम सोयीचा असेल, न्यायाचा नव्हे.

शेवटी एकमताने ठरले ते असे. गेटच्या आत माणसाच्या चालीइतकाच वेग. कोपऱ्यावर आणि मुले खेळत असताना गाडी हाताने ढकलत न्यायची. सोळा वर्षांखालील मुलांनी आवारात चालवायची नाही. जिन्यापासून दूर, उघड्या जागेत, वायरमनकडून नीट बसवून घेतलेले चार्जिंग आणि ज्याची गाडी त्याचा वेगळा मीटर. सामान पोहोचवणाऱ्या तरुणानेच ती जागा सुचवली.

नातवाला घेऊन मी वहिनींकडे माफी मागायला गेलो. आधी माझी चूक सांगितली, मग त्याला बोलू दिले. वहिनींनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला. निघताना मला एवढेच म्हणाल्या, "भाऊ, आता मी कोपऱ्यावर थांबून कान देते. पण ऐकू काहीच येत नाही." हाड सहा आठवड्यांत जुळले. स्वतःच्याच दारात वाटणारी ही भीती मात्र प्लास्टर काढल्यावर गेली नाही. कायद्याच्या कोणत्याही कलमात तिची भरपाई नाही.

मिस्साच्या आरंभी आपण केलेल्या पापांबरोबर न केलेल्या कर्तव्यांचीही क्षमा मागतो. ह्या रविवारी ती प्रार्थना म्हणताना गाडीच्या चावीचीही आठवण ठेवू या. आणि मिस्सानंतर चर्चच्या आवारातून बाहेर पडताना, आजी-आजोबा फाटकाबाहेर जाईपर्यंत गाडी सुरू न करता हाताने ढकलत नेऊ या. त्यात आपली दोन मिनिटे जातील, तेवढी आपण त्यांना देणे लागतो.