धार बारीक ठेवा

आपल्याकडे कॉफी म्हणजे दूध-साखर आलीच. पण काचेच्या भांड्यात, कागदातून गाळलेली नुसती कॉफी घरी करून पाहण्यासारखी आहे. पीटर श्लुमबोम या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने १९४१ साली अमेरिकेत त्यासाठी केमेक्स नावाची काचेची सुरई घडवली. प्रयोगशाळेतला चंबू आणि नरसाळे यांचे हे एकसंध रूप. बारीक कंबरेला लाकडी पट्टा आणि चामड्याची वादी. आज ती न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयातही आहे.

जाड गाळणकागद आधी गरम पाण्याने धुवावा, नाहीतर कागदाची चव उतरते. ३० ग्रॅम जाडसर पूड, चिकोरीविना. पाणी अर्धा लिटर, उकळी बसल्यावरचे. प्रथम पूड भिजेल एवढेच ओतायचे आणि थांबायचे.

हा अर्धा-पाऊण मिनिट मला फार मोलाचा वाटतो. पूड हळूहळू फुगते, मधोमध उंचवटा येतो, बारीक बुडबुडे फुटतात. बी भाजताना आत अडकलेला कार्बन डायऑक्साइड बाहेर पडत असतो. तो निघेपर्यंत पाणी पुडीत नीट मुरत नाही. पूड शिळी असेल, तर हा फुगाराच येत नाही. या थांबण्यात आपली घाई चालत नाही, हे किती बरे आहे!

मग बारीक धारेने, गोल फिरवत उरलेले पाणी.

चिकमगळूरची ताजी भाजलेली बी मिळाली तर जरूर आणा. आणि पहिला घोट तरी साखरेविना घ्या.